बोटांआधी तळवा

श्रोतेहो, नमस्कार.

मनुष्याकृती रेखाटायला शिकणाऱ्याला चेहरा थोडाफार साधू लागतो, पण हाताशी आला की त्याची पेन्सिल अडखळते. माझ्या सुरुवातीच्या वहीतले सगळे पुरुष खिशात हात घालून उभे होते आणि बायकांचे हात पदराआड होते. त्यामागे रचनेचा काही विचार नव्हता, ती निव्वळ पळवाट होती.

चूक बहुधा बोटांपासून सुरुवात करण्यात असते. पाच बोटे एकेक करून काढली आणि मागाहून त्यांना तळवा जोडला, तर हातमोज्यात भुसा भरल्यासारखा हात तयार होतो. मनगट आणि पंजा मिळून एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी ८ मनगटात, ५ तळव्यात आणि १४ बोटांत. तळव्याची पाच हाडे मनगटापासून पंख्यासारखी पसरतात, म्हणून आधी मनगट, मग तळव्याची किंचित बाकदार पाटी, तिच्या कडेला अंगठ्याचा वेगळा मांसल उंचवटा, आणि चारही बोटांचा मिळून एकच आकार, असा क्रम ठेवावा. बोटे सुटी करण्याचे काम शेवटी.

आता ऐकता ऐकताच आपला हात समोर धरून पाहा. मागच्या बाजूने पाहिल्यास मधले बोट मुळाच्या सांध्यापासून टोकापर्यंत बरेच लांब दिसते. हात उलटा केला की तेच बोट आखूड वाटते, कारण तळव्याच्या बाजूला बोटांमधली कातडी पहिल्या पेराच्या जवळपास निम्म्यापर्यंत चढलेली असते. हे ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी चांगली रेखाटने बिघडतात. दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून बोटे हलवली, तर आत स्नायू सरकताना जाणवतील. बोटे मिटणारे मुख्य स्नायू तिथे असतात, म्हणूनच मनगटाशी तोडून काढलेला हात निर्जीव दिसतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर यांनी १५०८ मध्ये निळ्या कागदावर कुंचल्याने रेखाटलेल्या जोडलेल्या हातांनाही बाह्यांचे दुमडलेले काठ आहेत, ते उगाच नव्हेत.

आपल्याकडे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गोव्यात १८७० साली जन्मलेले चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रे पणजीत फोंतेनास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आहेत. तिथे जाल तेव्हा चित्रातला चेहरा थोडा वेळ बाजूला ठेवून, हात मांडीवर किंवा खुर्चीवर आपले वजन कसे टाकतो तेवढेच पाहावे.

सरावासाठी मात्र मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अधिक आवडतो. तिथे अबोलीची फाती, म्हणजे गजरे, गुंफणारी एक बाई बसते. केळीच्या दोराचे टोक ती पायाच्या अंगठ्यात अडकवते, डाव्या हाताची दोन बोटे फुलांचे देठ धरून ठेवतात आणि उजवा हात गाठ मारून पुन्हा टोपलीकडे वळलेलाही असतो. अशा हाताला दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळत नाही, आणि तेच बरे. नखे काढत बसायला सवड राहत नाही. एकदा तिने माझ्या वहीत डोकावून डाव्या हाताची बोटे मोजली, ती चारच भरली, आणि पाचवे कुठे गेले म्हणून तिने विचारले. ते फुलांआड होते. मला दिसले नव्हते, म्हणून मी काढले नव्हते.