चुलीच्या मातीचा वास

नोव्हेंबर लागला की यवतमाळकडं कापसाची वेचणी जोरात असते, सकाळी सातलाच बाया वावरात. त्यातलीच ही एक, सातवा महिना चालू आहे तिचा, चार तास झाले की डोळ्यापुढं अंधारी येते तिच्या, मग धुऱ्यावर जरा टेकते आन पुन्हा उठते, कारण मजुरी किलोवर आहे.

आशाताईला ती म्हणते, "चुलीवर पाणी पडलं न ताई, तो मातीचा वास आला का मले राहवतच नाही." सासू म्हणते, डोहाळे होत बाप्पा, मलेबी असेच लागले होते.

पण माती खावीशी वाटणं हे बरेचदा अंगात लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. सासूला लागले होते ते तरी निव्वळ डोहाळे होते का, तेव्हा कोणी रक्त तपासून पाहिलंच नाही.

अंगणवाडीत बोट टोचलं तर हिमोग्लोबिन निघालं 7.8. गरोदरपणात 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, अंगात रक्त कमी, आन शेवटच्या तीन महिन्यात 7 च्या खाली गेलं तर सरळ दवाखान्यात भरती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बाया ॲनिमिक निघाल्या, म्हणजे वावरातल्या दोन पोटुशा बायांमधली एक धराच.

आता पोटातल्या बाळाचं ऐका. आईच्या रक्तातलं लोह बाळ स्वतःच्या अंगात साठवून ठेवतं, आन ही साठवण जास्त करून शेवटच्या तीन महिन्यात होते, म्हणजे नेमकी वेचणीच्या दिवसात हिची. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून पहिले सहा महिने बाळ त्याच साठ्यावर काढतं. आईच रिकामी असेल तर बाळ दिवसाआधी येऊ शकतं, अडीच किलोच्या आत भरू शकतं, असं बाळ लवकर थंड पडतं, दूध ओढताना थकतं. आन वजन चांगलं भरलं तरी साठा कमी असू शकतो, तो डोळ्यानं दिसत नाही, मेंदूच्या वाढीला मात्र तो लागतोच. बाळ झाल्यावर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबलं तरी त्याला जास्तीचं रक्त मिळतं, एवढं साधं आहे हे.

लाल गोळी घरात आहेच, 60 मिलिग्रॅम लोहाची, चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. पण संडास काळी झाली की बाया घाबरतात, मळमळलं की डबा फळीवर जातो, कोणी सांगतं बाळ लय मोठं होईल न अडेल. आन जी खाते ती चहासोबत खाते! चहानं लोह अंगी फार कमी लागतं हो, लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आपल्या भागात सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही करायचीच, तो असला तर नुसत्या गोळीनं भागत नाही.

उद्या 9 तारीख, प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी. वेचणीचा खाडा करून ती जाणार आहे. सासूही निघाली सोबत, आशाताईला म्हणाली, "माह्यंबी रक्त पाहून घ्या जरा."