यंदाचं वाण: पेरूची जेली

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या चार पायांना बांधलेला पंचा, खाली पातेलं. थेंब पडल्याचा आवाज.)

हा आवाज रात्रभर चालू आहे. काल संध्याकाळी आत्यानं स्टूल उलटं केलं, त्याच्या पायांना ओला करून पिळलेला पंचा बांधला, त्यात शिजलेले पेरू ओतले आणि मला बजावलं, "हात लावायचा नाही. पिळायचा तर विचारही करू नकोस."

माझा जुना गुन्हा ती विसरलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मी घाई करून हाच पंचा पिळला होता. रस वाटीभर जास्त निघाला, पण जेली झाली पावसाळ्यातल्या मुठेच्या पाण्यासारखी. खायला चांगली होती, पण कुणाला द्यायची लाज वाटली.

(दृश्य: कपाटाचा खण उघडतो. आत गाळण्या, डब्या, कंगवे.)

पुणे. जानेवारीचा पहिला आठवडा, संक्रांत तोंडावर आलेली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात तिळगुळासोबत एक वाण. आत्याचा एक अख्खा खण अशा लुटलेल्या वाणांनी भरलाय. चहाच्या गाळण्याच सात मोजल्या मी. म्हणून हल्ली ती खाऊन संपेल असंच वाण देते. यंदा चोवीस बरण्या.

(दृश्य: टोपलीतले पेरू. सुरी, पाट.)

पेरू राहात्याचे, शिर्डीशेजारच्या. जात सरदार. हिचं मूळ नाव लखनौ-49, पण हिची निवड झाली ती पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळबागेत, 1927 साली. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून हे झाड निवडलं गेलं. आत्याच्या घरापासून ती बाग रिक्षानं दहा मिनिटांवर आहे.

जेलीला पेरू घ्यायचा तो पिवळाधमक, घमघमणारा नव्हे. अंगाला हिरवट झाक असलेला, दाबल्यावर जेमतेम दबणारा. फळ फार पिकलं की त्यातलं पेक्टिन, म्हणजे जेली धरून ठेवणारा घटक, उतरतं, आणि पेक्टिनशिवाय जेली म्हणजे नुसता पाक. थोडे पिकलेले टाकायचे, पण वासापुरते. सालीबियांसकट पातळ कापे, ते बुडतील एवढंच पाणी, आणि अर्धा-पाऊण तास मंद आच. ढवळून लगदा करायचा नाही.

(दृश्य: काचेची छोटी बाटली. तळाशी रस, वरून स्पिरिट.)

हा प्रकार मला फार आवडतो. गार झालेला रस चमचाभर, त्यात तेवढंच स्पिरिट. हलवायचं आणि मिनिटभर थांबायचं. बघा, एकसंध गोळा झाला. म्हणजे पेक्टिन भरपूर. तुकडे तुकडे झाले असते तर साखर कमी घ्यावी लागली असती. हे चाखायचं नाही, स्पिरिट विषारी असतं. बघून झालं की मोरीत.

तरुणपणी फळप्रक्रियेच्या वर्गात शिकलेली ही युक्ती आत्या अजून वापरते. त्याच वर्गात शिकवलेलं दुसरं काम तिनं सोडून दिलं. पूर्वी जेलीवर वितळलेल्या मेणाचा थर ओतायचे. मेण गार होताना कडेनं सुटतं आणि त्या फटीतून बुरशी आत शिरते. आता घट्ट फिरकीचं झाकण.

(दृश्य: पसरट पातेलं, मोठी आच. फेस वर चढतोय.)

एक लिटर रस, पाऊण किलो साखर, सपाट चमचाभर सायट्रिक ॲसिड. एका वेळी एवढंच. चार लिटर एकदम चढवले तर आटायला तासभर लागेल, आणि तेवढ्या उकळीत पेक्टिनही मोडतं, वासही उडतो. म्हणून चार घाण्या, प्रत्येक घाण भडक आचेवर.

आता नजर हटवायची नाही. पेरूचा पांढुरका रस आधी मधाच्या रंगावर येतो, मग लालसर होतो. पुण्याच्या उंचीवर पाणी उकळतं 98 अंशांच्या आसपास, त्याच्या वर चार-पाच अंश गेले की जेली झाली. आत्याकडे थर्मामीटर आहे. ती तो माझ्या हातात देते आणि स्वतः पळीकडे बघते.

"तार बघायची नाही हं. तार चिक्कीच्या पाकाला. इथं पदर बघायचा."

(दृश्य: अगदी जवळून. आडवी धरलेली पळी, काठावर दोन थेंब.)

थेंब सुटे पडतायत. अजून नाही. … अजून नाही. … आता बघा. दोन थेंब काठावर एकमेकांकडे सरकले, जोडले गेले, आणि पदरासारखे एकदम घसरले. गॅस बंद. थर्मामीटर माझ्याकडे 103 दाखवतोय, पण मला कुणी विचारलेलं नाही.

(दृश्य: लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. ओट्यावर टोमॅटो, कांदे, मिरच्या.)

दुपारी दुसरी आघाडी. आतेबहीण टेक्सासात असते. तिथं नाताळात शेजारीपाजारी घरच्या साल्साच्या बरण्या देतात. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे नुसतं 'सॉस'. मेक्सिकोत तो परंपरेनं काळ्या दगडाच्या खलात वाटतात. टोमॅटो आणि मिरची दोन्ही आपल्याकडे आली ती त्याच खंडातून. आत्याला त्यात काही नवल वाटत नाही. "ठेच्याचीच बहीण की!"

नारायणगावचे टोमॅटो, थंडीत स्वस्त. कृती जॉर्जिया विद्यापीठातल्या, घरगुती साठवणीचं शिक्षण देणाऱ्या केंद्राची: सोलून, बिया काढून चिरलेले टोमॅटो सहा कप, कांदा-मिरची मिळून नऊ कप, लिंबाचा रस दीड कप, मीठ तीन चमचे.

"दीड कप लिंबू? हे काय सरबत आहे?"

"आई, तेवढं एक कमी करू नकोस. बाकी मिरच्या कुठल्या घ्यायच्या ते तू ठरव."

ती बरोबर सांगतेय. जेलीत शंभरातले पासष्ट भाग विरघळलेला गोडवा असतो, त्यात जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. लोणच्याला मीठ सांभाळतं. साल्साला सांभाळायला फक्त आंबटपणा. टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6च्या आसपास घोटाळतो आणि कांदा, मिरची, लसूण त्याला धोक्याच्या बाजूला ओढतात. 4.6च्या वर, हवाबंद बरणीत, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. त्याच्या विषाला ना वास, ना रंग. म्हणजे ज्या झाकणाच्या भरवशावर आपण बसतो, तेच त्याला मानवतं.

लिंबाचा रसही बाटलीतला घ्यायचा, कारण ताज्या लिंबांचा आंबटपणा कमीजास्त असतो. त्याच्या जागी व्हिनेगर घालायचं नाही, ते लिंबाच्या रसाहून कमी आंबट असतं. आंबट लागलं तर खाताना साखर घाला.

(दृश्य: मोठ्या पातेल्यात बरण्या, वर दोन बोटं उकळतं पाणी.)

भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायच्या. पुण्याच्या उंचीवर जेलीला दहा मिनिटं, साल्साला वीस.

साल्साच्या सहा बरण्या झाल्या. आत्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग त्या उचलून वेगळ्या फळीवर ठेवल्या.

"ह्या घरात खाऊ. पहिल्याच खेपेचं लोकांना नाही द्यायचं."

(दृश्य: रात्र. ओट्यावर पंचावर मांडलेल्या चोवीस बरण्या, दिव्याचा उजेड आरपार.)

आता पुन्हा कान लावून बसायचं. बरण्या गार होताना झाकणं आत ओढली जातात.

टक्.

टक्. … टक्.

आत्या पोळ्या लाटता लाटता मोजतेय. अकरापर्यंत मीही मोजले, मग गप्पांत विसरलो. झोपायच्या आधी तिनं प्रत्येक झाकणावर बोट दाबून पाहिलं. तेवीस घट्ट. चोविसावं खाली-वर होतंय.

"ही वाणातून गेली," ती म्हणाली, आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली.

(दृश्य: सकाळ. तव्यावरची पोळी. चमचा बरणीत शिरतो, जेली थरथरते, कापल्याची धार उभी राहते.)