निवळी, डुकरं आणि मेल्टन मोब्रे

मंगळवार. इंग्लंडच्या लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे गावात गुरामेंढ्यांचा बाजार भरलाय. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाच्या महसुली पाहणीत, इथल्या बाजाराची नोंद आहे. पण गावाचा स्वभाव कळायचा तर आधी भोवतालचं गवत बघावं लागतं.

जमीन चिकण, नांगराला जड. अठराव्या शतकात सामाईक शेतं कुंपणं घालून वाटली गेली आणि पुष्कळ ठिकाणी नांगरटीची कुरणं झाली. दूध वाढलं. दूध नासतं, चीज टिकतं. हे चीज विकलं जाई लंडनच्या हमरस्त्यावरच्या स्टिल्टन गावात, म्हणून त्याचं नाव स्टिल्टन. गंमत अशी, की आजच्या नियमांनुसार खुद्द स्टिल्टन गावात ते बनवता येत नाही! परवानगी फक्त लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरला.

उत्तरेला बीव्हरचं खोरं. स्पेलिंग वाचून कुणी 'बेल्व्हॉयर' म्हणालं, की तो बाहेरचा. तिथल्या लाँग क्लॉसनसारख्या गावांत ८ किलोच्या एका ढेपेला सुमारे ७५ लिटर दूध लागतं. ढेप दाबायची नाही, नुसती उलटीपालटी करायची. पाणी आपसूक झिरपतं. साच्यातून काढली की अंगावरच्या भेगा सुरीनं लिंपतात. इथे हयगय झाली की हवा शिरते आणि निळी बुरशी वेळेआधीच माजते. पुढे काही आठवड्यांनी सुया खुपसून तीच हवा मुद्दाम आत सोडतात.

चीज करताना उरते निवळी. ती डुकरांना. आणि डुकरांपासून मेल्टनचा 'पोर्क पाय', म्हणजे पिठाच्या पारीत डुकराचं मांस भरून भाजलेला पदार्थ.

पारीसाठी उकळतं पाणी आणि चरबी पिठात ओततात. लाकडी ठोकळ्याभोवती पारी वर चढवायची, सारण भरायचं आणि साच्याशिवाय भाजायचं. म्हणून याच्या कडा फुगीर. मांस खारवलेलं नसतं, खिमाही नसतो, बारीक तुकडे असतात. शिजल्यावर ते करडं दिसतं. आत गुलाबी दिसलं तर तो मेल्टनचा नव्हे. भाजताना मांस आक्रसतं, पोकळी पडते. झाकणाच्या भोकातून तिच्यात हाडांचा रस्सा ओततात. थंड झाल्यावर तो थिजतो आणि हवा अडवतो. पारी कुठे तडकली असेल, तर सगळा रस्सा ट्रेमध्ये.

असा घट्ट पाय खिशात टाकून कोल्ह्यांचे शिकारी त्याच शेतांच्या कुंपणांवरून घोडे उडवत. २००४ च्या कायद्यानं कुत्र्यांनिशी शिकारीवर बंदी आली. पायला २००९ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं.