गुलमर्ग की औली?

श्रोतेहो, नमस्कार. जानेवारीत ठाण्यात पहाटे जरा गारवा पडला, की घरोघरी विषय निघतो: यंदा बर्फात जायचं का? नुसतं बघायला नाही, स्कीइंग शिकायला. मग दोन नावं पुढे येतात, काश्मीरमधलं गुलमर्ग आणि उत्तराखंडातलं औली.

आधी वाट बघा. गुलमर्गला मुंबईहून विमानाने श्रीनगर, तिथून टंगमर्गमार्गे साधारण पन्नास किलोमीटर. सकाळी निघालात तर संध्याकाळी बर्फात. औलीला मात्र ऋषिकेशपासून जोशीमठापर्यंतच अडीचशे किलोमीटरचा घाट आहे. त्यात जोशीमठचा रोपवे २०२३च्या जानेवारीत जमीन खचल्यावर बंद झाला, तेव्हा वरही गाडीनेच जायचं धरून चाला. म्हणून रजा आधी मोजा. पुन्हा सांगते, रजा आधी मोजा, हॉटेल नंतर बघा. आठ-दहा दिवस हाताशी असतील तर औलीला जरूर जा. समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, आणि गढवाल मंडल विकास निगमचे स्कीइंगचे वर्ग. पण चार-पाच दिवसच असतील आणि घरातली लहानथोर सगळी सोबत असतील, तर गुलमर्ग.

माझी मावशी नौपाड्यात राहते, साठी ओलांडलेली. लेक, जावई, नात गुलमर्गला तिला घेऊन गेले आणि तिथे म्हणाले, "तू हीटरपाशी बस, आम्ही जाऊन येतो." आजी-आजोबांना इतक्या लांब नेऊन खोलीत बसवणं मला मुळीच पटत नाही. मावशी ऐकते होय! तिनेही बूट मागितले. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे, पुढे बकलं. पाय आत जाईना. शिकवणाऱ्या काश्मिरी मुलाने पाय बाहेर काढायला लावला, तर मोज्यांच्या तीन जोड्या! वरची घरी विणलेली. तो म्हणाला, "माँजी, एक ही जोड़ी." मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त खाली पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. एकच जोडी, पातळ, लोकरीची. हे लिहून ठेवा. मग त्याने तिला पहिल्यांदा काय शिकवलं, तर पडायला. कुशीवर पडायचं, मागे बसकण मारायची नाही. उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठता माणूस निघालाच खाली. कितीतरी वेळ ती नुसती पडत होती आणि उठत होती. नंतर स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. "पिज़्ज़ा बनाओ, माँजी!" त्याने वेग आवरतो. दुपारी मावशी त्या सपाटशा उतारावरून एकटी खाली आली, आपली आपण थांबली आणि तिथूनच ओरडली, "अगं, फोटो काढलास का?" लेकीने काढलाच नव्हता. ती नुसती बघत राहिली होती.

आता महिना. नाताळात गर्दी हमखास, बर्फ हमखास नाही. पश्चिमेकडून येणारे हिमवर्षावाचे ढग लांबले की डोंगर कोरडेच राहतात. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग तसंच कोरडं होतं, आणि २०२५च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. औली असो की गुलमर्ग, फेब्रुवारी धरा.

जायच्या महिनाभर आधीपासून मांड्या तयार करा. जिने चढा, येऊरचा चढ चाला. आणि येऊरला जाल तेव्हा मोठ्याने गाणी लावू नका हो, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे राहतात.

गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, तिकीट निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा थेट अफरवत डोंगराच्या अंगाखांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ. नवशिक्यांना पहिला पुरे. वारा सुटला की दुसरा बंद ठेवतात, तेव्हा त्याच्यासाठी मुक्कामात एक दिवस मोकळा राखा.

नमस्कार.