जखमा धुणारा आनंद

बंधुभगिनींनो,

‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं हे पत्र: फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 4, वचन 4. आपल्यापैकी अनेकांना हे वचन तोंडपाठ आहे. पण जिचा तरुण मुलगा नुकताच गेला आहे, अशा बहिणीसमोर आपण ते म्हणतो तेव्हा तिला काय ऐकू येतं? पुष्कळदा एवढंच, की रडू नकोस, रडलीस तर तुझा विश्वास कमी पडला. पौलाने असं म्हटलेलं नाही. हे मला आज अगदी ठामपणे सांगायचं आहे.

पत्र लिहिताना पौल स्वतः बेड्यांत होता. त्या काळी कैद्याच्या अन्नवस्त्राची काळजी बहुधा बाहेरच्या आप्तांनाच घ्यावी लागे. म्हणून फिलिप्पैच्या मंडळीने आपल्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. पौलाची सेवा करता करता तो आजारी पडला, मरणाच्या दारापर्यंत गेला. 2 ऱ्या अध्यायात पौल लिहितो, की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. ‘सर्वदा आनंद करा’ म्हणणारा हाच माणूस! आपलं दुःख त्याने मंडळीपासून लपवलं नाही.

आता एपफ्रदीताकडे बघा. तो कासावीस झाला होता, पण कशामुळे? आपल्या आजाराची बातमी घरी पोहोचली आणि तिथले लोक काळजीत पडले, म्हणून. पौलाला त्याची गरज होती, तरी त्याने त्याला परत पाठवलं. त्याला पाहून तुम्हाला आनंद व्हावा आणि माझंही दुःख हलकं व्हावं, असं कारण तो देतो. या पत्रातला आनंद असा माणसांच्या येण्याजाण्यातून, खुशालीच्या निरोपातून वाहतो. एकट्याने दात-ओठ आवळून तो आणायचा नसतो.

या मंडळीचा जन्मच तसा झाला होता. प्रेषितांची कृत्ये, 16 वा अध्याय. इसवी सन 50 च्या सुमाराची, फिलिप्पैमधलीच गोष्ट. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, देवाची स्तोत्रं गात होते. इथवरचं आपण नेहमी ऐकतो. पुढचं एक वाक्य मात्र निसटतं: बाकीचे बंदिवान ते ऐकत होते. त्या अंधारात कुणाला धीर हवा होता, हे गाणाऱ्यांना ठाऊकही नसेल. मग भूकंप झाला, बंदिशाळेच्या नायकाने विश्वास ठेवला, आणि त्याने पहिलं काम काय केलं? रात्रीच्या त्याच घटकेला त्यांच्या जखमा धुतल्या. घरी नेऊन जेवू घातलं. त्याच्या घराण्याने आनंद केला असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो, तो यानंतर.

आणि सुटका झाल्यावर? पाठीवरचे वळ ताजे असताना ते दोघे थेट लुदियाच्या, म्हणजे त्याच शहरात विश्वास ठेवलेल्या एका बहिणीच्या घरी गेले. आपण म्हणू, आता मंडळीने यांना धीर द्यावा. झालं उलटंच. बंधुजनांना भेटून यांनीच त्यांना धीर दिला आणि मग ते शहरातून निघाले.

धीर देणं म्हणजे योग्य वचन शोधून काढणं, असं आपल्याला वाटतं. वचन हवंच, मात्र त्याच्याआधी पाऊल उचलावं लागतं. पौलाचा मित्र अनेसिफर याने रोममध्ये कैदेतल्या पौलाला शोधत शोधत गाठलं आणि त्याच्या बेडीची लाज धरली नाही. तो काय बोलला, याचा एक शब्दही शास्त्रात नाही. मुलंबाळं आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचं वागणं बरोबर होतं. बिघडलं ते दुःखाचं कारण समजावायला लागल्यावर.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. दुःखात असलेल्या माणसाला आपण नुसतं घेणारा करून टाकतो. आपण द्यायचं, त्याने घ्यायचं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी वाचा; फिलिप्पै त्याच प्रांतातलं. कठीण संकट, कमालीचं दारिद्र्य, आणि तरी विपुल आनंद. यरुशलेमेतल्या पवित्र जनांच्या, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या मदतीत आम्हालाही वाटा द्या, अशी त्यांनीच आग्रहाने विनवणी केली. पौलाने ‘तुमचंच भागत नाही, राहू द्या’ म्हणून त्यांची देणगी परत केली नाही.

तेव्हा या आठवड्यात कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात, तर त्याच्यासाठी प्रार्थना करून लगेच उठू नका. आपली एखादी खरीखुरी अडचण त्याला सांगा आणि माझ्यासाठी प्रार्थना करा, असं त्याला म्हणा.