दोनावर नऊ

श्रोतेहो, नमस्कार. 'एकोणतीस' हा शब्द जरा सावकाश म्हणून बघा. आता आकडा डोळ्यांसमोर आणा. दोनावर नऊ. शब्दात दोन ऐकू आला का? नऊ तरी? कानाला लागतात ते एक आणि तीस.

मुलांच्या गणिताच्या ॲपमध्ये घोटाळा नेमका इथे होतो. चित्रं, हलणारे आकडे, टाळ्यांचा आवाज, सगळा साचा इंग्रजीसाठी बांधलेला. मग त्यावर मराठी आवाज चढवतात. 21 लिहिताना पडद्यावर आधी 2 चमकतो, मग 1. इंग्रजीत ते बरोबर जुळतं. मराठी आवाज मात्र आधी 'एक' म्हणतो. मुलाने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कानांवर? मग ते 12 लिहून मोकळं होतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही याचं.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा विनोदांना ऊत आला; विषय विधिमंडळातही गाजला. ती पद्धत पटो न पटो, अडचण खरी होती. मला विचाराल तर उपाय आपल्या जुन्या घोकंपट्टीतच आहे. दोनावर एक एकवीस, दोनावर नऊ एकोणतीस. यात आकडे लिहायच्या क्रमाने येतात आणि नाव शेवटी. ध्वनिमुद्रण असंच करावं: 'दोनावर', 2 चमकला, 'नऊ', 9 चमकला, जरा थांबून 'एकोणतीस'. आणि 99 वेगळा तपासावा. 'एकोण'चा नियम एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि नव्याण्णवला दगा देतो.

अक्षरांचीही तीच गत. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा. हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे उभा दंड. 'श'चंही वळण वेगळं. पुष्कळ फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही, तर पडद्यावर हिंदी वळण उमटतं. वाचताना मोठ्यांचं काही अडत नाही. पहिलीतलं मूल बोटाने अक्षर गिरवतं तेव्हा अडतं. बाईंनी फळ्यावर शिकवलेला 'ल' ते नीट काढतं आणि पडदा लाल फुली देतो.

तुमच्या घरी असं ॲप असेल, तर मुलाच्या शेजारी बसून एवढी दोन अक्षरं गिरवून बघा. फुली आली, तर ॲपवाल्यांना कळवा. मराठीची नोंद करणं हे त्यांच्यासाठी फार मोठं काम नाही.