आधी मोजा तर खरं

(दृश्य : जुने सरकारी अर्ज, शाईने भरलेले रकाने)

एप्रिल १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. राष्ट्राध्यक्ष लिंकन एका कायद्यावर सही करतात आणि राजधानी वॉशिंग्टनमधले सुमारे ३,००० गुलाम मुक्त होतात. त्याच कायद्यात भरपाईही आहे, माणशी ३०० डॉलरपर्यंत. ती मिळते मालकांना. गुलामांच्या वंशजांच्या भरपाईचा निदान अभ्यास तरी व्हावा, ही मागणी मात्र आजही अडलेली आहे.

हिशेबासाठी तिघांचा आयोग बसला. मालकांनी अर्ज भरले : गुलामाचं नाव, वय, कोणतं काम येतं, किंमत किती. भाव ठरवायला बाल्टिमोरहून गुलामांचा एक व्यापारीच बोलावला. धंद्यातला जाणकार ना! वर्षाच्या आत काम आटोपलं. मुक्त झालेल्यांनाही १०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. अट एकच : देश सोडून जायचं.

(दृश्य : जॉर्जियाचा किनारा, दलदल, भातखाचरं)

जानेवारी १८६५. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात लिंकन यांच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटले. त्यांच्या वतीने बोलले ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर. आठ वर्षांपूर्वी त्यांनी १,००० डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला सोडवून घेतलं होतं. त्यांचं मागणं सरळ होतं : जमीन द्या, आमच्या कष्टाने आम्ही ती कसू.

चार दिवसांत शर्मनचा हुकूम निघाला. साउथ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे ४०,००० लोक तिथे वसले, पेरण्या झाल्या. पण एप्रिलमध्येच लिंकन यांचा खून झाला होता. नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेतल्या बंडखोर जमीनदारांना माफी दिली आणि बहुतेक जमीन पुन्हा त्यांच्याच हवाली केली.

१८७३ मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. तो गौरव रास्तच होता. पण ज्यांच्या बेड्या तुटल्या, त्यांच्या हातातलं शेत तोवर कधीच गेलं होतं.

(दृश्य : वॉशिंग्टन, संसद भवन)

डेट्रॉइटचे खासदार जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, गुलामगिरीच्या भरपाईचा अभ्यास करायला आयोग नेमण्याचं विधेयक मांडलं. पुढे त्याला क्रमांक मिळाला ४०, त्या चाळीस एकरांची आठवण म्हणून. नमुना समोर होता. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी १९८० मध्ये आयोग नेमला गेला, त्याने चौकशी केली आणि १९८८ मध्ये हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर आणि सरकारचा माफीनामा मंजूर झाला.

विधेयक ४० कुणाच्या खात्यात एक डॉलरही टाकत नाही, हे नीट ऐका. मागणी फक्त आयोगाची आहे : गुलामगिरी आणि त्यानंतरचा कायदेशीर भेदभाव तपासा, आजच्या वंशजांवरचा परिणाम मांडा, उपाय सुचवा. एवढ्यासाठी कॉन्यर्स जवळजवळ तीस वर्षं तेच विधेयक पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

विरोधकांचं नेहमीचं म्हणणं : दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आज हयात असलेलं कुणीच जबाबदार नाही. ऐकायला पटतं. पण सरकार माणसांसारखं मरत नाही, त्याची देणीही मरत नाहीत. यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला अमेरिकन सरकार २०२० पर्यंत दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन देत होतं. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड दिले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला.

आणि हो, कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे प्रश्न अवघड आहेतच. म्हणूनच तर अभ्यास हवा.

(दृश्य : कॅलिफोर्नियातली जाहीर सुनावणी)

असा अभ्यास होऊ शकतो, हे कॅलिफोर्नियाने दाखवलं. २०२० मध्ये राज्याने कायदा करून कृती दल नेमलं. गावोगावी सुनावण्या झाल्या, घरांच्या कर्जापासून तुरुंगांपर्यंत सगळं तपासलं गेलं आणि जून २०२३ मध्ये हजाराहून अधिक पानांचा अहवाल आला. शिफारशींवर वाद चालू आहेत. निदान वाद घालायला समोर कागद तरी आहे.

वॉशिंग्टनमध्ये एप्रिल २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने विधेयक ४० पहिल्यांदाच २५ विरुद्ध १७ मतांनी पुढे पाठवलं. कॉन्यर्स यांच्यानंतर ते लढवणाऱ्या शीला जॅक्सन ली यांचा तो विजय. पण पूर्ण सभागृहात मतदान झालंच नाही. २०२४ मध्ये त्या वारल्या. २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आयाना प्रेस्ली यांनी विधेयक पुन्हा मांडलं, आणि ते पुन्हा न्यायसमितीकडे गेलं.